पॅकेज काढलं, पण ते चालून गेलं त्याचं काय?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पाच जणांची टीम आहे, दर्शनी भाग नोडवर (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली), मागचा पायथनवर. एका सहकाऱ्याने पॅकेजचं (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्याचं) नाव टाइप करताना एक अक्षर चुकवलं आणि मिळत्याजुळत्या नावाचं भलतंच पॅकेज बसलं. काही दिवसांनी कळलं की रजिस्ट्रीने (पॅकेजं जिथून उतरतात त्या सार्वजनिक कोठाराने) ते घातक ठरवून काढून टाकलंय. तुम्ही पॅकेजं जिथे बसतात ते 'नोड मॉड्यूल्स' फोल्डर उडवलं, बरोबर नावाचं पॅकेज घातलं, अँटिव्हायरस चालवला, त्यात काही सापडलं नाही. आता तीन गोष्टी विचारताय: एवढं पुरे का, पुढे प्रत्येक पॅकेजचा कोड वाचायचा का, आणि क्लायंटला काही सांगावं लागेल का.

पहिल्याचं उत्तर 'नाही', दुसऱ्याचंही 'नाही', तिसऱ्याचं 'बहुतेक हो'. कारणं सांगतो.

ते पॅकेज आज डिस्कवर आहे की नाही याने आता फारसा फरक पडत नाही. ते ज्या क्षणी चाललं तेव्हा त्याला काय काय वाचता येत होतं, हे शोधायचं आहे. एनपीएमच्या (नोडची रजिस्ट्री आणि इन्स्टॉलचं साधन) पॅकेजला 'प्रीइन्स्टॉल' आणि 'पोस्टइन्स्टॉल' अशा स्क्रिप्ट जोडता येतात. इन्स्टॉलची कमांड दिली की त्या आपोआप चालतात, आणि चालतात त्या तुमच्या युजरच्या पूर्ण अधिकाराने. पायथनमध्ये पॅकेज सोर्स स्वरूपात उतरलं तर त्यातली 'सेटअप डॉट पीवाय' अशीच चालते. म्हणजे तुम्ही ते पॅकेज कोडमध्ये एकदाही वापरलं नसेल, तरी काम होऊन गेलेलं असू शकतं. २०१७ मध्ये एनपीएमवर 'क्रॉस-एन्व्ह' या लोकप्रिय पॅकेजच्या नावातली फक्त आडवी रेघ गाळून 'क्रॉसएन्व्ह' टाकलेलं होतं. ते इन्स्टॉल होताना यंत्रावरचे सगळे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला दिलेल्या सेटिंग, ज्यात बऱ्याचदा किल्ल्याही असतात) गोळा करायचं आणि बाहेर पाठवायचं. संपला कारभार. डिस्कवर ना व्हायरस, ना चालू राहिलेली प्रोसेस. अँटिव्हायरसला अशात सापडणार तरी काय? एक फाइल वाचली आणि एक एचटीटीपीएस विनंती गेली, हे तर तुमची रोजची साधनंही करतात. म्हणून 'स्कॅन स्वच्छ आला' या वाक्याला मी अशा प्रकरणात वजन देत नाही.

पुढचं बरंचसं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. ते फक्त एका लॅपटॉपवर बसलं की लॉकफाइल (बसलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट होऊन, म्हणजे सामायिक कोडमध्ये नोंदली जाऊन, बाकी चौघांकडे आणि बिल्ड सर्व्हरवरही (कोड आपोआप बांधणाऱ्या यंत्रावरही) पोचलं? त्याला इन्स्टॉल स्क्रिप्ट होती का? आणि त्या यंत्रांवर तेव्हा कोणत्या किल्ल्या, टोकनं (पासवर्डऐवजी प्रोग्राम वापरतात ते गुप्त संकेत), पासवर्ड पडलेले होते? याची उत्तरं आठवणीवर सोडू नका, ती नोंदीत मिळतात. गिटच्या (कोडचे बदल जपणाऱ्या साधनाच्या) इतिहासात लॉकफाइलमध्ये ते नाव कोणत्या कमिटला आलं आणि कोणत्या कमिटला गेलं हे शोधा; तो तुमचा धोक्याचा कालावधी. मधल्या काळात ती शाखा ज्याने ज्याने खाली घेऊन इन्स्टॉल केलं, ते प्रत्येक यंत्र यादीत. त्याच जुन्या लॉकफाइलमध्ये त्या पॅकेजच्या नोंदीखाली 'हॅज इन्स्टॉल स्क्रिप्ट' असं लिहिलेलं असेल, तर स्क्रिप्ट होती. नसेल तर थोडा दिलासा, पण थोडाच. अशी नक्कल करणारी पॅकेजं बहुधा मूळ पॅकेजलाच आत गुंडाळून घेतात. ॲप नीट चालतं, कुणाला शंका येत नाही, आणि घातक भाग पहिल्या इम्पोर्टला चालतो. टेस्ट चालवल्या असतील किंवा डेव्ह सर्व्हर सुरू केला असेल, तर तो चालला असंच धरा.

अजून एक. एनपीएमची कॅशे (उतरवलेल्या पॅकेजांचा यंत्रावरचा साठा) अजून साफ केली नसेल तर करू नका. रजिस्ट्रीवर आता तुम्हाला त्या नावाखाली '०.०.१-सिक्युरिटी' अशी रिकामी जागा धरणारी आवृत्ती दिसेल, मूळ माल तिथून गेलेला असतो. तुमच्या कॅशेत मात्र तो अजून असण्याची बरीच शक्यता आहे, आणि जुन्या लॉकफाइलमधल्या हॅशवरून (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशावरून) तो ओळखता येतो. वेगळ्या, रिकाम्या यंत्रावर नेऊन नुसता उलगडून वाचा, चालवू नका. ते कुठे कुठे हात घालत होतं हे कळलं तर पुढचं काम निम्मं होतं. कोड गिचमीड करून ठेवलेला असेल आणि काही उलगडलं नाही, तर सगळ्यात वाईट शक्यता धरून चाला.

आता मुख्य काम. यावर बहुतेक टीम घाई करतात आणि क्रम चुकवतात.

आधी बाधित यंत्र पूर्ण बंद करा, नुसती नेटची वायर काढू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर 'शाय-हुलुद' नावाचा किडा पसरला. तो यंत्रावरची टोकनं शोधायचा आणि त्याच टोकनांनी त्या मेंटेनरच्या (पॅकेज सांभाळणाऱ्याच्या) इतर पॅकेजांच्या बाधित आवृत्त्या प्रसिद्ध करायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरी लाट आली, तिच्यात तर चोरी साधली नाही की युजरचं होम फोल्डर पुसून टाकण्याची सोय होती. तुमचं पॅकेज असलं काही करत नसेलही. पण यंत्र बंद ठेवायला काही खर्च येत नाही.

मग स्वच्छ यंत्रावरून किल्ल्या बदलायला बसा. बाधित लॅपटॉपवर बसून नवीन टोकन काढलं तर तेही गेलंच म्हणून समजा. पहिला नंबर ईमेल आणि कोड होस्टिंगच्या खात्याचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. लगोलग रजिस्ट्रीवर प्रसिद्ध करण्याची टोकनं. तुम्ही लिहिलंय की तुमची एक छोटी लायब्ररीही एनपीएमवर आहे. तिच्या आवृत्त्यांची यादी आत्ताच पाहा, तुम्ही न काढलेली एखादी दिसते का. दिसली तर प्रकरण तुमच्यापुरतं राहिलेलं नाही, रजिस्ट्रीला लगेच कळवा. त्यानंतर क्लाउडच्या किल्ल्या, बिल्ड सर्व्हरची सिक्रेट्स, डेटाबेसचे पासवर्ड, आणि शेवटी पेमेंट, एसएमएस, ईमेल अशा बाहेरच्या सेवांच्या किल्ल्या. प्रकल्पाची गुपितं ठेवण्याच्या 'डॉट ईएनव्ही' फाइलमध्ये काय काय होतं त्याची यादी सहकाऱ्याला तोंडी विचारू नका, फाइल उघडून करा. माणसाला हमखास ती एक किल्ली आठवत नाही, जी कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी म्हणून टाकलेली असते.

'बदलणं' म्हणजे जुनी रद्द करणं. नवीन टोकन काढून जुनं तसंच ठेवणं म्हणजे किल्ली हरवल्यावर कुलूप तेच ठेवून आणखी एक किल्ली करून घेणं. आणि खात्याचा पासवर्ड बदलला म्हणून त्या खात्याची वैयक्तिक टोकनं आणि एसएसएच (दूरच्या यंत्रावर शिरण्याच्या) किल्ल्या रद्द होतातच असं नाही; त्या एकेक करून काढाव्या लागतात. ब्राउझरमधली चालू सत्रंही तशीच. कुकी चोरली गेली असेल तर चोराला ना पासवर्ड लागत, ना लॉगिनचा दुसरा टप्पा (ओटीपीसारखा), म्हणून 'सगळीकडून लॉगआउट' करा. क्लाउडमध्ये मूळ किल्ली बंद केल्यावरही तिच्यावरून काढलेली तात्पुरती टोकनं मुदतीपर्यंत चालू राहू शकतात, ती सत्रंही रद्द करण्याची सोय वापरा.

किल्ल्या बदलून झाल्या की नोंदी वाचा. क्लाउडच्या नोंदीत अनोळखी पत्त्यावरून 'गेट कॉलर आयडेंटिटी' सारखी विनंती दिसली तर सावध व्हा. चोरलेली किल्ली चालते का आणि ती कुणाची आहे हे पाहायला चोर बऱ्याचदा आधी हीच हाक मारतो. कोड होस्टिंगवर नवीन रिपॉझिटरी (प्रकल्पाचं कोड-भांडार), नवीन डिप्लॉय की (रिपॉझिटरीत शिरण्याची किल्ली), नवीन वेबहुक (बाहेर आपोआप निरोप धाडणारी सोय), बदललेली वर्कफ्लो फाइल (आपोआप चालणाऱ्या कामांची) आणि खाजगीची सार्वजनिक झालेली रिपॉझिटरी शोधा. शाय-हुलुदने चोरलेला माल बाधित माणसाच्याच खात्यात सार्वजनिक रिपॉझिटरी उघडून त्यात टाकला होता. त्यामुळे माल बाहेर गेला का हे तपासताना फक्त अनोळखी पत्त्यांकडे पाहून भागत नाही.

लॅपटॉपचं काय? पुसा आणि नव्याने बसवा. यावर माझी टीम्सशी नेहमी वादावादी होते, कारण सहकाऱ्याचा आख्खा दिवस जातो. पण शेलच्या सुरुवातीच्या फाइल, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), गिटचे हुक (गिटच्या कमांडबरोबर चालणाऱ्या स्क्रिप्ट), एडिटरची एक्स्टेन्शन्स, प्रत्येक प्रकल्पातली एडिटरची टास्क फाइल, इतक्या ठिकाणी काही पेरून ठेवता येतं की ते शोधायला दिवसाहून जास्त लागतो आणि शेवटी खात्री वाटत नाही ती नाहीच. ऑगस्ट २०२५ मध्ये 'एनएक्स' या बिल्ड साधनाच्या बाधित आवृत्त्यांनी शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये यंत्र बंद करण्याची कमांड घालून ठेवली होती. ती त्रास देणारी होती म्हणून लगेच दिसली. गप्प बसणारी ओळ दिसत नाही. बिल्ड सर्व्हर प्रत्येक बिल्डला नवा तयार होत असेल तर तो पुसायची गरज नाही, फक्त सिक्रेट्स बदला. कायमस्वरूपी यंत्र असेल तर त्यालाही लॅपटॉपचाच न्याय.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा सांगतो: यंत्र बंद, कालावधी आणि यंत्रांची यादी, स्वच्छ यंत्रावरून किल्ल्या रद्द, नोंदी, मग नवी बसवणी.

आता दुसरा प्रश्न, प्रत्येक पॅकेजचा कोड वाचायचा का. पाच माणसांना ते जमणार नाही आणि मी ते सुचवतही नाही. तुम्ही थेट तीस पॅकेजं घेतलीत तरी त्यांच्या पोटात शेकडो येतात. त्याहून मोठी अडचण ही की तुम्ही रिपॉझिटरीतला कोड वाचाल, आणि रजिस्ट्रीवरून उतरणारी फाइल तीच असेल याची खात्री नाही. २०१८ चं 'इव्हेंट-स्ट्रीम' प्रकरण पाहा. थकलेल्या मेंटेनरने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे पॅकेज सोपवलं, त्याने 'फ्लॅटमॅप-स्ट्रीम' नावाची नवी डिपेंडन्सी (त्या पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज) जोडली, आणि तिच्या प्रसिद्ध केलेल्या फाइलमध्ये रिपॉझिटरीत नसलेला भाग होता. तो 'कोपे' या बिटकॉइन वॉलेटच्या बिल्डमध्येच उलगडायचा, बाकी सगळीकडे झोपलेला. २०२४ च्या 'एक्सझेड' (लिनक्समधलं फाइल दाबून लहान करण्याचं साधन) प्रकरणातही कळीची एक फाइल फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती, गिटमध्ये नव्हती.

कोड होस्टिंगवरच्या ताऱ्यांवर (लोकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणांवर) आणि डाउनलोडच्या आकड्यांवरही भिस्त ठेवू नका. पॅकेजच्या पानावर दिसणारा रिपॉझिटरीचा पत्ता लेखकाने स्वतः लिहिलेला असतो. दुसऱ्याच्या नामांकित प्रकल्पाचा पत्ता टाकला की तिथली प्रतिष्ठा उसनी घेता येते. डाउनलोड तर एखादी स्क्रिप्ट रात्रभर चालवूनही वाढतात.

मग काय करायचं? माझ्या कामात सर्वाधिक उपयोग झालेली गोष्ट अगदी कंटाळवाणी आहे: थांबणं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'चॉक', 'डीबग' आणि त्यांच्यासोबतची पॅकेजं बाधित झाली. आठवड्याला एकत्रित २ अब्जांहून जास्त डाउनलोड असलेली ही पॅकेजं एका मेंटेनरला आलेल्या बनावट ईमेलमुळे हातची गेली. तो ईमेल एनपीएमसारख्या दिसणाऱ्या पत्त्यावरून आला होता आणि दुसरा टप्पा नव्याने बसवा म्हणत होता. पण बाधित आवृत्त्या साधारण दोन तासांत ओळखल्या गेल्या. त्या दोन तासांत ज्यांनी नवीन आवृत्ती ओढली नाही त्यांना झळ लागली नाही. म्हणून प्रसिद्ध होऊन काही दिवस झाल्याशिवाय आवृत्ती घ्यायची नाही असा नियम साधनातच बसवा. पीएनपीएममध्ये (एनपीएमला पर्यायी साधन) १०.१६ पासून 'मिनिमम रिलीज एज' आहे, पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या 'यूव्ही'मध्ये 'एक्स्क्लूड-न्यूअर' आहे. सगळेच थांबले तर पकडणार कोण, असं मला नेहमी विचारतात. पकडतात ती बहुतांशी प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक आवृत्तीवर चालणारी स्वयंचलित तपासणी आणि तिच्यामागचे संशोधक. तुमच्या टीमने बळी जाऊन त्यांना मदत करायची गरज नाही. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती असेल तेव्हा त्या एका पॅकेजला नियमातून सूट द्या, आणि ती कुणी दिली ते लिहून ठेवा.

थांबण्याने सगळं टळतं असंही नाही. 'इव्हेंट-स्ट्रीम'मधला प्रकार काही आठवडे कुणाच्या लक्षात आला नव्हता. 'एक्सझेड'ची बाधित ५.६.० आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि २९ मार्चला उघड झाली, तीही आंद्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रे डेटाबेसच्या विकासकाला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं म्हणून. सबुरीने खेळणाऱ्या चोरापुढे तुमचे चार दिवस काहीच नाहीत.

म्हणून दुसरा उपाय: पॅकेज चाललंच तर त्याच्या हाती कमीत कमी लागावं. लॅपटॉपवर प्रॉडक्शनची किल्ली ठेवू नका, चाचणीसाठी वेगळी आणि तोकड्या अधिकाराची काढा. प्रकल्प कंटेनरमध्ये (बाकी यंत्रापासून वेगळ्या कप्प्यात) चालवा, म्हणजे होम फोल्डर आणि एसएसएच किल्ल्या त्याच्या नजरेबाहेर राहतील. बिल्ड सर्व्हरवर इन्स्टॉल आणि टेस्टच्या टप्प्याला एकही सिक्रेट देऊ नका. डिप्लॉय आणि प्रसिद्धीचा टप्पा वेगळा ठेवा, आणि तिथे कायमच्या टोकनाऐवजी त्या बिल्डपुरती ओळख देणारी 'ट्रस्टेड पब्लिशिंग' वापरा. पायपीआयवर (पायथनच्या रजिस्ट्रीवर) ती २०२३ पासून आहे, एनपीएमवरही आता मिळते. आजच्या प्रकरणात ही मांडणी आधी असती तर तुमची किल्ल्यांची यादी चार ओळींत संपली असती.

इन्स्टॉल स्क्रिप्ट बंद करणं हा तिसरा उपाय. एनपीएममध्ये 'इग्नोअर स्क्रिप्ट्स'ची सेटिंग आहे; पीएनपीएमने तर १० व्या आवृत्तीपासून डिपेंडन्सीच्या स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवल्या. काही पॅकेजं, खासकरून सी किंवा सी++ चा भाग जागेवर बांधणारी, त्याविना अडतात. तेवढ्यांना नावानिशी परवानगी द्या. पायथनमध्ये पिपला (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला) 'ओन्ली बायनरी' सांगितलं की सोर्स पॅकेज टळतं. मात्र इम्पोर्ट होताच चालणाऱ्या कोडला यापैकी काहीच अडवत नाही.

लॉकफाइलबद्दल थोडक्यात. ती कमिट करा, बिल्ड सर्व्हरवर 'एनपीएम सीआय'च (लॉकफाइलबरहुकूम बसवणारी कमांड) वापरा, पायथनला 'रिक्वायर हॅशेस' (हॅश जुळला नाही तर नकार देणारी सेटिंग) लावा. आणि पुनरावलोकनात लॉकफाइलचे बदल 'मोठे आहेत' म्हणून गुंडाळून टाकू नका. सगळं वाचायचं नाही, फक्त नवीन आलेली नावं वाचायची. तुमचं चुकलेलं अक्षर तिथे दिसलं असतं.

नावांचा विषय निघालाच आहे तर दोन सापळे सांगतो. कंपनीच्या आत वापरायचं खाजगी पॅकेज असेल तर त्याला तुमच्या मालकीचं स्कोपचं (पुढे तुमचं नाव लागणारं) नाव द्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसान या संशोधकाने दाखवून दिलं की आतल्या पॅकेजचं नाव बाहेरच्या रजिस्ट्रीवर मोठ्या आवृत्तीसह टाकलं की बऱ्याच कंपन्यांची साधनं बाहेरचंच उचलतात. त्यात ॲपल आणि मायक्रोसॉफ्टही होत्या. पिपचा 'एक्स्ट्रा इंडेक्स यूआरएल' हा पर्याय यात खास बदनाम आहे, कारण तो दोन्ही ठिकाणं समान मानतो. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या (मशीन लर्निंगच्या पायथन लायब्ररीच्या) रोज रात्री निघणाऱ्या बिल्डला 'टॉर्चट्रायटन' या नावाने याच वाटेने दणका बसला होता. दुसरा सापळा एआय साधनांचा. १६ भाषा-मॉडेल्सकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहवून घेतलेल्या एका अभ्यासात सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळपास २० टक्के अस्तित्वातच नव्हती, आणि त्यातली बरीच नावं पुन्हा विचारल्यावर पुन्हा तीच आली. असं नाव आधीच नोंदवून वाट पाहत बसणं कुणालाही जमतं. तेव्हा एआयने दिलेली इन्स्टॉल कमांड जशीच्या तशी चिकटवू नका. नाव मूळ प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून घ्या.

राहिला क्लायंटचा प्रश्न. बाधित यंत्रावर त्यांच्या सर्व्हरची किंवा डेटाची किल्ली होती का, यावर ते ठरतं. होती, तर नोंदीत गैरवापर दिसो वा न दिसो, सांगा. कारण त्यांच्या बाजूच्या नोंदी तुम्हाला दिसत नाहीत आणि त्या त्यांनीच तपासायच्या आहेत. करारात किंवा कायद्यात कळवण्याची मुदत असू शकते, ती आधी पाहा, कारण काही ठिकाणी ती तासांत मोजतात. पत्रात अंदाज लिहू नका. कोणतं पॅकेज, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणती किल्ली त्याच्या आवाक्यात होती, ती कधी रद्द केली, आणि त्यांनी कोणत्या कालावधीच्या नोंदी पाहाव्यात, एवढंच लिहा. किल्ली नव्हती असं यादीवरून नक्की दिसत असेल, तर कळवायचं की नाही हा करारातल्या शब्दांचा प्रश्न आहे. पण ती यादी आणि तारखा जपून ठेवा, सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर तेवढाच आधार असतो.